तात्यांचा डोळा आणि नवं व्हर्जन

चालणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हा माझा जुना हट्ट आहे. पंखा कुरकुरत असला तरी फिरतोय ना, मग फिरू द्यावा. आईच्या मते हा शुद्ध आळस होता. मी त्याला तत्त्व म्हणायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जोयडा तालुक्यातल्या आमच्या रामनगरात हे तत्त्व माझ्याइतकं तावातावानं मांडणारं दुसरं कुणी नव्हतं. ऐकून घेणारंही कुणी नव्हतं म्हणा, एक तात्या सोडले तर.

बेळगावला डिप्लोमा करून मी घरी परतले होते. बाबांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत पाच टाईपरायटर मांडून मी क्लास काढला होता. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. बेळगावच्या कुठल्याशा ऑफिसनं तो काढून टाकला, माझ्या मामांनी उचलला आणि गोणपाटात गुंडाळून खानापूरमार्गे बसनं पाठवून दिला. त्याच्यावर मी लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, बसवलं होतं. दर महिन्याला येणाऱ्या एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकाबरोबर सीडी मिळायची, तिच्यावर ते फुकट यायचं. काळ्या पडद्यावर नुसते हुकूम लिहीत बसायचं नसेल तर त्याच्यावर एक डेस्कटॉप चढवायचा: म्हणजे खालची पट्टी, चित्रं, उघडमिट करणाऱ्या खिडक्या, असा सगळा थाट. आमचा डेस्कटॉप साधाच होता. दिसायला राखाडी, पण चालायला सरळ.

तात्या जोयड्याच्या फॉरेस्ट ऑफिसातले निवृत्त टायपिस्ट. तीस वर्षं त्यांनी लाकडाच्या याद्या टाईप केल्या होत्या. साग, किंदळ, मत्ती, जांभा. तालुक्यातल्या झाडांची नावं त्यांच्या बोटांत बसली होती. पण जमिनीखालच्या एकाही गोष्टीचं नाव आपल्या हातून कधी कागदावर उतरलं नाही, याची त्यांना रुखरुख लागून राहिली होती. त्यांची सासुरवाडी गुंद गावची. तिथल्या आणि दिग्गीकडच्या बायका रानातले नि परसातले किती तऱ्हेचे कंद ओळखतात, कुठला कधी लावतात, कुठला कसा शिजवतात, कुठला आजाऱ्याला देतात, हे सगळं ते वहीत टिपत होते. त्याचं पुस्तक करायचं होतं. कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं तेव्हा सोपं नव्हतं. पण लिनक्सवर एक युक्ती होती. इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायचं, मग एक प्रोग्रॅम त्याचं देवनागरी पान तयार करून पडद्यावर दाखवायचा. तात्यांना हे कळलं त्या दिवशी ते माझ्या क्लासात आले. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मुलींच्या खडखडाटात तेही येऊन बसू लागले.

त्यांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेलाच होता, डाव्यातलं राहिलेलं टिकवायचं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते थेंब घालून सांभाळा. टाईप करायला तात्यांना डोळे लागत नव्हते. भिंतीकडे बघत ते माझ्या दुप्पट वेगानं टाईप करत आणि माझ्या मुली माना वळवून बघत राहत. पण लिहिलेलं वाचायला डोळा लागायचाच. मी म्हणायची, मी वाचून दाखवते.

"तू वाचलंस की सगळं बरोबरच वाटतंय गे," ते म्हणायचे. "मनात असतंय तेच कानाला ऐकू येतंय. एकदा सगळं पान माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर छापायला देणार न्हाई."

तर असं होतं. डोळा मावळायच्या आत तात्यांना आपलं पुस्तक आपल्या डोळ्यानं एकदा वाचायचं होतं. आणि ते माझ्या कोपऱ्यातल्या राखाडी यंत्रावर अवलंबून होतं.

इथं एक कबूल करायला हवं. माझं तत्त्व फार जुनं नव्हतं. वर्षभरापूर्वी मीच हौसेनं डेस्कटॉपचं एक नवं व्हर्जन बसवलं होतं. खिडक्या उघडताना झुलायच्या, बटणं चमकायची, मी खूश. आठवडाभरात तात्या फाईल सेव्ह करत असताना सगळं जागच्या जागी गोठलं. बाण हलेना, अक्षर उमटेना. शेवटी बटण दाबून बंद केलं, तेव्हा त्यांचं चार दिवसांचं काम गेलं होतं, अकरा कंद. मला रडू कोसळलं. तात्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले आणि पहिल्यापासून टाईप करायला बसले. त्यांना त्रास नको म्हणून त्यातले पाच-सहा मी दुपारी त्यांच्या वहीवरून टाईप करून दिले. यंत्र गोठलं त्याच रात्री मी जुनं व्हर्जन परत बसवलं होतं आणि मनाशी ठरवलं, आता हे मरेपर्यंत बदलायचं नाही. शिवाय आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नसायचा. जुनं व्हर्जन लाईट जाऊन आल्यावरही निमूट उठून उभं राहायचं. मला त्याची माया लागली होती.

आणि मग मासिकाच्या नव्या अंकाबरोबर नव्या डेस्कटॉपची सीडी आली.

अंक मीच तात्यांना वाचून दाखवायची, कारण ती बारीक छपाई त्यांना दिसत नव्हती. त्यांना इंग्रजी चांगलं यायचं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जाहिरातींसकट ऐकायचे. त्या अंकात लिहिलं होतं की नव्या व्हर्जनमध्ये पडद्यावरचं पान हवं तेवढं मोठं करता येतं आणि अक्षरांचे काठ तुटत नाहीत. आमच्या जुन्यात अक्षर एका मापापर्यंतच वाढायचं. पुढे ताणलं की फुटून त्याचे नुसते चौकोनी ठिपके व्हायचे.

मी हे वाचून पान उलटलं. तात्यांनी हात वर केला.

"ते परत वाच."

मी परत वाचलं.

"कधी बसवतीस?"

"न्हाई बसवायचं तात्या. खाली लिहिलंय बघा, अजून त्यात चुका हाईत. मधेच बंद पडतंय म्हणे."

"पडू दे की."

"मागच्या खेपेला अकरा कंद गेले तुमचे!"

"गेले ते माझे गेले. तू कशाला धरून बसलीस?"

तिथून आमचं भांडण सुरू झालं. ते महिनाभर पुरलं. आता आठवलं की हसू येतं. बाहेर बाबा तूरडाळ तोलतायत, आत मुली ए-एस-डी-एफ बडवतायत, आणि मधे मी आणि एक साठी उलटलेले गृहस्थ कुठल्या दूरदेशी कुणी बनवलेल्या डेस्कटॉपवरून हमरीतुमरीवर आलोय. मासिकातही त्या वेळी हाच वाद रंगला होता. एका बाजूचे म्हणायचे, आधी आहे ते भक्कम करा, मग नवं घाला. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, भक्कम होईपर्यंत थांबलो तर नवं कधी येणारच नाही. ती पत्रं मी तात्यांना वाचून दाखवायची. माझ्या बाजूचं पत्र असलं की आवाज आपोआप चढायचा.

"हे बघ पोरी," एकदा तात्या म्हणाले, "तुझं मशीन पडलं तर परत उठतंय. माझा डोळा पडला तर उठणार न्हाई. भक्कम होईस्तोवर थांबा म्हणून त्या डोळ्याला कोण सांगणार, तू?"

मी चिडले. चिडून मी मासिकाला एक पत्र लिहिलं. छान इंग्रजीत, शब्दकोश उघडून. ज्या छपराचं एकही कौल गळत नाही त्याच्यावर चढून कौलं फोडू नयेत, असं त्यात झोकून दिलं. खाली नाव न घालता 'एक वाचक' एवढंच लिहिलं. ते छापून आलं! बाबांनी दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना अंक दाखवला. त्यातल्या एकालाही इंग्रजी येत नव्हतं.

तात्यांना मी ते पत्र वाचून दाखवलं. कुणाचं ते सांगितलं नाही. 

तात्यांनी सगळं पत्र ऐकलं. मग म्हणाले, "बरं लिहिलंय. ह्या माणसाचे डोळे चांगले असणार."

माझे कान तापले. पत्र माझं आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मी कधीच विचारलं नाही.

माघ आला. उळवीच्या जत्रेला तात्या दरवर्षी जायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, आधीच गुंदला माहेरी गेलेली असायची. जत्रा करून दोघं आठ-दहा दिवस तिकडेच राहत. निघण्याच्या आदल्या दिवशी तात्या क्लासात आले आणि म्हणाले, "मी येईस्तोवर तेवढं नवं बसवून ठेव. माझं ऐक एवढ्या खेपेला."

मी हो म्हटलं. खरंच बसवायचं होतं. एका सकाळी सीडी हातात घेऊन मी अर्धा तास बसले. डोळ्यापुढे तो गोठलेला बाण यायचा, परत पहिल्यापासून टाईप करत बसलेली तात्यांची पाठ यायची. आता फाईलमध्ये चाळीसच्या वर कंद होते. ते माझ्या हातून परत गेले असते तर मला रामनगर सोडून जावं लागलं असतं. मी सीडी कपाटात ठेवली. खालची पट्टी हिरवी केली. चित्रं बदलली. मागचा राखाडी पडदा घालवून फिकट निळा लावला. जुन्यात अक्षरांचं जे मोठ्यात मोठं माप होतं, ते लावून ठेवलं. तात्यांना बदलाचा सोस आहे, बदल दिसला की त्यांचं मन भरेल, असा माझा शहाणा हिशोब.

तात्या जत्रेहून आले. कपाळाला विभूती, हातात प्रसादाची पुडी. खुर्चीवर बसले.

"बसवलीस?"

"व्हय तात्या."

"मोठं केलीस?"

"केलं की. बघा."

ते पुढे वाकले. नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. बराच वेळ तसेच राहिले. 

"रंग बरा हाय," ते म्हणाले. "बरं केलंस."

त्या दिवशी ते तासाभरातच उठले. दुसऱ्या दिवशी आले, वही उघडली, मिटली. तिसऱ्या दिवशी उशिरा आले. मग यायचेच बंद झाले. मी मनाशी म्हटलं, जत्रेचा शीण असेल. मग म्हटलं, शेताचं काम निघालं असेल. तात्यांना शेत नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आठव्या दिवशी सकाळी मी मुलींना सराव देऊन त्यांच्या घरी गेले. सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांना रामनगरात घरं दिली, त्यातल्या एका ओळीत त्यांचं घर होतं. मागे छोटं परस. काकू तिथं पहार घेऊन कोन खणत होत्या. कोन म्हणजे मांडीएवढा वाढणारा जांभळट कंद. वरचा वेल वाळला की तो खणून काढायचा.

"बरं झालं आलीस," काकू म्हणाल्या. "तुझ्या तात्यांना जरा समजावून सांग गे बाळ. गप्पच झाल्यात. डोळ्यात थेंब घालायचं सोडलंय त्यांनी."

"सोडलंय? का हो?"

"म्हणतायत, गेलेल्या डोळ्यात कशाला घालायचं. तिनं नवं बसवलं, अक्षर मोठं केलं, तरी मला पहिल्यासारखंच धूसर दिसतंय. म्हणजे डोळा तेवढा उतरला. संपलं म्हणतायत. वही नेऊन शाळेतल्या मास्तरांना देऊन टाकणार हाईत उद्या."

 मी तिथंच दगडावर बसले. तो डोळा थेंबांवर टिकून होता आणि थेंब माझ्या हिरव्या पट्टीनं बंद पाडले होते. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि देवाच्या कृपेनं त्यानंतरही वाटलेली नाही.

तात्या पुढच्या सोप्यावर बसले होते. वही शेजारी, वर सुतळी बांधलेली. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "ये. क्लास सोडून आलीस व्हय?"

मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. "तात्या, मी नवं बसवलंच न्हाई. मी भ्याले. नुसता रंग बदलला. ते जुनंच हाय, अक्षर पण जुन्यातलंच हाय. मी खोटं बोलले तुमच्याशी."

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या बऱ्या पडल्या असत्या. तात्यांनी तोंड वर केलं. कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडत गेल्या.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "डोळा हाय म्हण की अजून."

"हाय तात्या."

"आहे तेवढा हाय?"

"हाय. मीच न्हाई केलं मोठं."

"अगं ए!" त्यांनी आत हाक मारली. "थेंबाची बाटली कुठं ठेवलीस? आण आधी!"

काकू मातीच्या हातांनी धावत आल्या. हात धुऊन, तात्यांचं डोकं मागे टेकवून त्यांनी थेंब घातला. तात्या डोळा मिटून पडून राहिले आणि तसंच पडल्या पडल्या मग मला बोलले. फार बोलले. ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्याच्या डोळ्याचं आपण ठरवायचं नसतंय, एवढं त्यातलं मी घेतलं. खरं म्हणजे सगळंच घेतलं. ते सगळं माझ्या हक्काचं होतं.

शेवटी मी म्हटलं, "आज बसवते. पण मला अजून भ्या वाटतंय तात्या. जुनं काढलं आणि नवं पडलं तर तुमचं चाळीस कंदांचं काम..."

"सगळं काढ म्हणून कुणी सांगितलं तुला?" हे काकू बोलल्या. त्या परसाच्या दारात उभ्या होत्या. "इकडं ये, बघ."

मी गेले. खड्ड्यातून काढलेला कोन बाजूला पडला होता. काकूंनी विळ्यानं त्याचा वरचा भाग कापला, जिथून वेल फुटतो तो, वीतभर. खालचा मोठा तुकडा टोपलीत ठेवला. माथा परत त्याच खड्ड्यात बसवला आणि वर माती ओढली.

"आमच्या गुंदला सगळी असंच करत्यात," त्या म्हणाल्या. "खालचं खायाला, माथा मातीला. रानात खणलं तरी माथा ठेवूनच यायचं. सगळं उपटून घरी आणणारीला आई घरात घेत नव्हती."

मी त्या मातीकडे बघत राहिले. डिप्लोमा माझा होता. मासिक मी वाचत होते. महिनाभर आम्ही जुनं की नवं, जुनं की नवं करत गळा ताणला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, हे मला मासिकात वाचूनही सुचलं नव्हतं.

डिस्कवर जागा नव्हती. मी माझे खेळ काढले. मासिकाला पाठवलेल्या पत्राचे सात मसुदे काढले. ते काढताना जीव तुटला हेही सांगते, कारण खोटं बोलायचं आता सोडलंय. तात्यांची फाईल तीन फ्लॉपींवर उतरवून एक बाबांच्या गल्ल्यात, एक काकूंच्या कपाटात आणि एक माझ्या उशाखाली ठेवली. मग जुन्याला धक्का न लावता त्याच्या शेजारी नवं बसवलं. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून केलं. आता आत शिरतानाच यंत्र विचारायचं, कुठलं हवं? जुनं की नवं?

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तात्या आले. काकूही आल्या, पहिल्यांदाच. मी मुलींना म्हटलं, आज जरा बोटं थांबवा. नवं उघडलं, देवनागरी पान आणलं आणि अक्षर मोठं करत गेले. एक ओळ पडद्यावर मावेना, तरी करत गेले. मग अर्धी ओळ मावेना. काठ एकदम गुळगुळीत.

"थांब," तात्या म्हणाले.

तीनच शब्द मावत होते पडद्यावर. ते तात्यांनी वाचले. नाक काचेला न टेकवता, खुर्चीत मागे रेलून वाचले. "कोन. माघात काढायचा." काकूंनी पदर तोंडाला लावला. मागच्या एका मुलीनं टाळ्या वाजवल्या, तशा सगळ्याच वाजवायला लागल्या. बाबा काय झालं म्हणून डाळीचं माप हातात घेऊनच आत आले.

नवं व्हर्जन पडायचं, अगदी मासिकात लिहिल्याबरहुकूम. कधी तासात एकदा, कधी दोनदा. पण आम्ही त्याची रीत शोधून काढली. तात्या टाईप करायचे जुन्यात, कारण तिथं त्यांना बघायची गरज नव्हती आणि काही हरवत नव्हतं. वाचायचे नव्यात, कारण तिथं हरवण्यासारखं काही नव्हतं. ते पडलं की तात्या चहा मागवायचे. नव्याच्या नावानं त्या वर्षात आम्ही पुष्कळ चहा प्यालो. माझ्या क्लासातल्या मुली बोटावर मोजून सांगायच्या, आज तात्यांचे किती चहा झाले ते.

तीन-तीन शब्दांनी चाळीस कंद वाचायला त्यांना दोन महिने लागले. तेविसाव्या की चोविसाव्या कंदाला ते थांबले. कडू करांदा.

"पोरी, हे तू टाईप केलतीस न्हवं? गेल्या साली?"

मी बघितलं. होय, ते गेलेल्या अकरांपैकी होतं. माझ्या दुपारच्या कामातलं.

"ह्यात एक ओळ न्हाई."

मी त्यांच्या वहीचं पान काढून पडद्याशी लावून बघितलं. वहीत होतं, काप करून टोपलीत भरायचे, दोन दिवस ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, मग राख घालून उकडायचे. माझ्या पानावर होतं, काप करायचे, मग राख घालून उकडायचे. मधली ओळ मी गाळली होती.

"पाण्यात न ठेवता खाल्ला तर पोट धरून लोळतंय माणूस," काकू मागून म्हणाल्या. त्या आता रोज यायच्या. "ल्हान पोरगं असलं तर वाचत पण न्हाई."

हे पान मी तात्यांना निदान चार वेळा वाचून दाखवलं होतं. चारही वेळा मी ती ओळ वाचली नव्हती आणि त्यांच्या कानांनी ती ऐकली होती. मी वर्षभर ज्या फाईलला कुणाचा हात लागू दिला नव्हता, जी जपण्यासाठी मी पत्र लिहिलं, खोटं बोलले, तिच्यात मी ही चूक जपून ठेवली होती. ती कुठंही गोठली नाही, एकदाही पडली नाही.

 तात्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्या डोळ्याला माझा चेहरा किती दिसत असेल कोण जाणे.

"उठ," ते म्हणाले. "जुन्यात चल. ती ओळ घालू."

मी जुनं उघडलं. तात्यांनी भिंतीकडे बघत, एकही अक्षर न चुकता, ती ओळ टाईप केली. मी सेव्ह केलं. मग नवं उघडलं, पान आणलं आणि अक्षर मोठं केलं. त्यांनी तीन-तीन शब्दांनी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली.

"हं," ते म्हणाले. "आता पुढचा."